ऑपरेशनचं गडगनेर

आमच्याकडे लग्न ठरलं की नवरदेवाला नातेवाईक घरोघरी जेवायला बोलावतात. त्याला गडगनेर म्हणतात. चांगली रीत आहे. माझ्या मुलाच्या वेळी मीच कोणाकडे कधी जायचं ते ठरवून दिलं होतं, नाहीतर एकाच संध्याकाळी तीन घरी जेवायची वेळ आली असती. पण हृदयाच्या ऑपरेशनचं गडगनेर मी पहिल्यांदा सौंसरकडे पाहिलं, आणि ते माझ्या सख्ख्या भावाचं होतं.

भाऊ माझ्यापेक्षा मोठा. पांढुर्णा-सौंसर लाईनवर खासगी बसचा कंडक्टर होता. त्यामुळे या रस्त्यावरच्या अर्ध्या गावांना तो चेहऱ्याने ओळखतो आणि उरलेली अर्धी त्याला. जिना चढताना दम लागायला लागला, मग सपाट रस्त्यावरही लागायला लागला, तेव्हा मी त्याला नागपूरला नेलं. रक्तवाहिन्या तीन ठिकाणी बंद झालेल्या निघाल्या, आणि हृदय अशक्त. जेवढ्या जोराने रक्त फेकायला पाहिजे, तेवढा जोरच त्यात उरला नव्हता.

सर्जन तरुण होते, पण समजावून सांगायला कंटाळले नाहीत. नेहमी हृदय थांबवतात, रक्त मशीनमधून फिरवतात आणि ऑपरेशन झालं की हृदय पुन्हा चालू करतात. भावाचं इतकं अशक्त हृदय थांबवण्यात त्यांना धोका वाटत होता. म्हणून ते चालतंच ठेवायचं, आणि जिथे टाका घालायचा तेवढीच जागा एका साधनाने धरून स्थिर करायची. बाकीचं हृदय धडधडत राहणार. "पण त्यासाठी ते चांगल्या स्थितीत यायला हवेत," ते म्हणाले. "फुफ्फुसात पाणी साठलेलं चालणार नाही. मीठ कमी, पाणी मोजून, आणि रोज सकाळी वजन. वजन भराभर वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नाही, पाणी आहे."

यात न समजण्यासारखं काय होतं? मी वहिनीला वजनकाटा घेऊन दिला. गोळ्यांच्या वेळा लिहून फ्रिजवर चिकटवल्या. लोणचं, पापड, खारोड्या, ठेचा हे सगळं बंद, असं मोठ्या अक्षरात लिहिलं. आणि पांढुर्ण्याला परत आले, कारण नगरपालिकेतली माझी नोकरी काही माझ्या भावाच्या हृदयासाठी थांबत नाही.

रोज सकाळी फोन करायची. भाऊ वजन सांगायचा. रोज तेच.

"काटा बिघडला का रे भाऊ?"

"काटा नाई बिघडला. तुहं डोस्कं बिघडलं. मस्त हावो मी."

आवाजात धाप होती. वाक्य संपायच्या आत श्वास घ्यावा लागत होता. रविवारी मी न सांगता बस धरली.

सौंसरला भावाच्या घराला कुलूप. शेजारीण अंगणात गहू निवडत होती. "ते तं लोधीखेड्याले गेले, मावशीकडे जेवाले. काल संध्याकाळी त्याईच्या सोबतच्या ड्रायव्हरकडे होते. परवा आमच्याकडे. आम्ही पाटवडी-रस्सा केला होता, लई खुशीनं जेवले बिचारे." आणि वर मलाच म्हणाली, "तुमी नाई बोलावून राहिले का?"

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लोधीखेड्याला मावशीच्या घरी भाऊ पाटावर बसला होता. त्याच्या कपाळाला अबीर लावला होता, ताटाभोवती रांगोळी काढली होती. ताटात गोळाभात, वर तेलाची धार, कढी, दोन तळलेले पापड, आणि आंब्याचं लोणचं एवढं की त्यात एक महिना निघाला असता. भावाची पावलं सुजून चपलेत मावत नव्हती म्हणून तो अनवाणी आला होता. हे सगळ्यांना दिसत होतं. आणि सगळे त्याला वाढत होते.

मी ताट उचललं.

"अवो, काय करतं?" मावशी ओरडली. "भरल्या ताटावरून उठवते का मान्साले?"

"मावशी, हे काय चालू आहे?"

"खाऊ दे वो लेकराले. तिकडे छाती फाडून राहिले त्याची. काय भरोसा? मनात काही राहू नये मान्साच्या."

"लेकरू अठ्ठावन्न वर्षांचं आहे. आणि नवरदेव घोड्यावर बसतो म्हणून त्याला खाऊ घालतात. हा टेबलावर झोपणार आहे. याला मीठ विष आहे, सांगितलं होतं ना?"

"एक दिवसानं काय होते?"

"एक दिवस? तुमचा एक, ड्रायव्हरचा एक, शेजारणीचा एक. कोणाचा राहिला असेल तर बोलवा त्यालाही, सगळे मिळून मारा!"

मावशीने पदर डोळ्याला लावला. मावसभाऊ म्हणाला, "ताई, बुढ्या मान्साशी असं बोलत नाई." मी त्यालाही सोडलं नाही. पण सगळ्यात जास्त राग आला तो वहिनीचा. ती भिंतीला टेकून खाली मान घालून बसली होती.

"वहिनी, तुम्ही तरी?"

"कोनाकोनाले नाई म्हनू बाई? एकाकडे जेवले, दुसऱ्याकडे नाई गेले, तं तो म्हनन आमचं अन्न कडू हाय का. सारे मायेनं बोलावून राहिले."

माया. या शब्दाने आमच्याकडे किती माणसं मेली असतील! खोकल्याला, साखरेला, रक्तदाबाला, सगळ्याला वरून मायेचा एक घास.

भावाने मात्र हात धुतले, उठला, उठताना दाराची चौकट धरावी लागली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "रोज मला खोटं वजन सांगत होता?"

"हाव."

"का?"

तो श्वास जमेपर्यंत थांबला. "सारे असे भेटून राहिले जसा मी चाललो. मलेबी तसंच वाटाले लागलं. मंग वजन कोनासाठी मोजू?"

यावर चिडू नये असं कोणी म्हणेल. मी चिडले. भर रस्त्यावर, लोक बघत असताना. म्हटलं, नागपूरचा माणूस तुझं चालतं हृदय हातात घेऊन शिवायला तयार आहे, आणि तू इथे पापड खाऊन त्याचा निरोप घेतो आहेस.

तिथूनच गाडी करून त्याला नागपूरला नेलं. सर्जनांनी पावलं दाबून पाहिली, बोटाचा खड्डा तसाच राहिला. ठरलेली तारीख रद्द झाली. दवाखान्यात ठेवून सुईतून औषध देऊन लघवीवाटे पाणी काढत राहिले. भाऊ हळूहळू सपाट झोपायला लागला. त्याआधी तो बसूनच झोपत होता, हेही मला कोणी सांगितलं नव्हतं.

नवी तारीख ठरली आणि फोन सुरू झाले. भेटायला येतो, दर्शन घेऊन जातो, गाडी भरून येतो. मी काही म्हणायच्या आत भावाने माझ्या हातातून फोन घेतला. "आता कोनी येऊ नका. झाल्यावर या. तवा मी उठून बसलो राहीन, तवा भेटाले मजा येईन." तेवढं बोलून त्याने फोन बंद केला आणि मला म्हणाला, "काय पाहून राहिली? जेवन सांग माह्यं, ते बिनमिठाचं."

ऑपरेशनच्या दिवशी बाकावर मी आणि वहिनी, दोघीच. दुपार सरत आली तेव्हा सर्जन बाहेर आले. तिन्ही ठिकाणी नवे रस्ते जोडले होते. मधे एकदा रक्तदाब पडला, तेव्हा हात काढून थांबले, हृदयाला सावरू दिलं आणि मग पुढचा टाका घातला. हृदय थांबलं नाही. पुढचे काही दिवस जपायचे आहेत, म्हणाले, पण झालं.

वहिनी रडायला लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मावशीचा आवाज मलाही ऐकू आला, "काय झालं वो? हाय का?"

वहिनीचं रडणं एकदम थांबलं. एवढ्या वर्षांत मी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"हाय का म्हंजे? असं विचारते का कोनी? जित्ता हाय माहा मानूस! आन आइका मावशी, आमच्या घरी येसान तं रिकाम्या हातानं येजा. डबा घेऊन आल्या तं दारातूनच वापस पाठवीन, मंग कोनाले वाईट वाटो का चांगलं वाटो!"

कॉरिडॉरमधली नर्स तोंडावर बोट ठेवून आमच्याकडे आली. मी तिला हाताने थांबवलं. म्हटलं, बोलू द्या त्यांना.