गेनबांच्या हनुवटीची मोजणी

गेनबांची जमीन कंप्युटरच्या कंपन्यांखाली गेली, पण दात त्याआधीच गेले होते. जमिनीबद्दल त्यांची तक्रार नव्हती. नातवाच्या, विश्वजीतच्या, लग्नानंतरच्या गोंधळाला बोकड पडणार आणि आपण मात्र रश्शात बोट बुडवून चोखणार, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं. म्हणून विश्वजीतने त्यांना सदाशिव पेठेत दातांच्या डॉक्टर नम्रताताईंकडे नेलं.

ताईंनी नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका दिला, हनुवटीवर एक, आणि पट्टी काढली. "आजोबा, दात नसले की जबडे किती जवळ यायला हवेत ते कळत नाही. ते मोजायचंय. ओठ मिटा आणि हनुवटी सैल सोडा."

मोजायचं म्हटल्यावर गेनबा सावध झाले. हयातभर त्यांनी बांधावर उभं राहून सरकारी मोजणी पाहिली होती. पट्टी दिसली की आपली हद्द पुढेच सरकवायची, हे बाळकडू. त्यांनी ओठ मिटून हनुवटी गुपचूप खाली ताणली. ताईंनी पुन्हा मोजलं, यांनी पुन्हा तेवढीच ताणली, इतका गडी पक्का. मेणात बसवलेले दात घालून पाहतानाही "लई झ्याक" म्हणून मोकळे.

कवळी आली ती उंच. ओठाला ओठ लागेना. गेनबा सदानकदा हसतायत असं दिसू लागलं, आणि बोलले की टाळ वाजायचे. त्यातच बांधाला बांध असलेले बजरंगराव वारले. जुना वैरी, आणि गेनबा मयताला बत्तिशी दाखवत उभे! बजरंगरावांचा मुलगा संपत कोयता शोधू लागला, तेव्हा गेनबांच्या बायकोने, मथुराबाईंनी, त्यांना ओढत घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी त्याच त्यांना घेऊन पेठेत गेल्या. गेनबांनी सगळं कबूल केलं.

"आजोबा, हनुवटीचा सातबारा नसतो," ताई म्हणाल्या. "आता सैल सोडा."

पण पट्टी दिसली की हनुवटी आपोआप खाली. शेवटी मथुराबाई पुढे झाल्या. "मी बोलते, तुमी मोजा." आणि त्यांनी मयताच्या दारातल्या शोभेपासून सुरुवात केली. गेनबांनी आवंढा गिळला, ओठ मिटले, आणि जबडा लग्नापासून बसत आला तसा मुकाट जागेवर येऊन बसला. ताईंनी माप घेऊन टाकलं.

गोंधळाच्या पंगतीत गेनबांनी नव्या कवळीने मटणाची पहिली फोड चावली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद त्यांना नातसुनेचं तोंड पाहूनही झाला नव्हता. शेवटच्या पंगतीला मथुराबाई बसल्या, तेव्हा ते स्वतः वाटी घेऊन आग्रहाला गेले. बाईंनी फोडी कडेला सारल्या होत्या आणि त्या रश्शात भाकरी कुस्करत होत्या.

"अगं, खा की!"

"कशानं? माझ्या दाढा कवाच गेल्या."

"कवा?"

"तुमच्याबी आधी. तुमच्यासाठी मऊ रांधत हुते, त्यातच माझं भागत हुतं."

गेनबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते तिथेच तिच्या ताटाशी बसले आणि सगळं गाव बघत असताना एकेक फोड बोटांनी बारीक तोडून तिच्या भाकरीवर ठेवू लागले.