अंगठ्याचं हाड

हाटकेश भागातल्या एका छोट्या कारखान्यात मी पॅकिंगचं काम बघते. दिवसभर सिमेंटच्या लादीवर उभं राहायचं आणि पायात बंद बूट असलेच पाहिजेत. उजव्या पायाच्या अंगठ्यामागचं हाड बाहेर येत चाललं होतं, ते मला कळत होतं. पण बुटाने पायाला होतं तसलं साधं कुरूप आहे, असं मी समजत होते. मेडिकलमधून पट्टी आणायची, चिकटवायची आणि कामाला लागायचं, असं बरेच महिने चाललं. शेवटी अंगठा बाजूच्या बोटावर चढायला लागला आणि जेवणाच्या सुट्टीत मला बूट काढून बसावं लागू लागलं.

बरोबरच्या एकीने सांगितलं, "ऑपरेशन करायला लागेल. माझ्या जावेचं केलं, किती दिवस घरात बसून होती." ते ऐकून मी आणखी घाबरले. घरी बसले तर माझ्या जागी दुसरी येणार, हे मला माहीत होतं.

नवऱ्याने आग्रह केला म्हणून सिल्व्हर पार्कजवळच्या हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. एक्स-रे बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "बनियन आहे." नवऱ्याने पटकन स्वतःच्या शर्टाच्या कॉलरकडे हात नेला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते बनियन नाही. अंगठ्याचं हाड असं बाहेर आलं, की त्याला इंग्रजीत बनियन म्हणतात."

मी घाबरत विचारलं, "ऑपरेशन कधी करायचं?"

"आत्ता कशाला? हाड पुन्हा जागेवर जाणार नाही, हे खरं. पण दुखणं पुष्कळ कमी होऊ शकतं. आधी बुटाचं बघू."

त्यांनी एक कागद जमिनीवर ठेवून मला त्यावर उभं केलं, पेनाने पायाभोवती रेघ ओढली आणि माझा बूट त्यावर ठेवला. पायाची रेघ बुटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर दिसत होती. इतकी वर्षं मी एवढा पाय एवढ्याशा बुटात कोंबत होते, ते बघून मला माझ्याच पायाची दया आली.

बूट शोधायला दुकानं पालथी घातली. बायकांचे सगळे पुढून निमुळते. शेवटी भाईंदरच्या एका दुकानात मी पुरुषांच्या कपाटातला रुंद, मऊ बूट उचलला. दुकानदार म्हणाला, "भाभी, ये जेन्ट्स का है."

"पैर को क्या मालूम," मी म्हटलं आणि तोच घेतला.

बोटांमध्ये घालायला सिलिकॉनचा मऊ तुकडा मिळाला. डॉक्टरांकडच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने जमिनीवरचा टॉवेल पायाच्या बोटांनी गोळा करायला शिकवलं. कामावरून आल्यावर मी फडक्यात बर्फ गुंडाळून हाडावर धरायचे. रात्री अंगठ्याला बांधायचा पट्टाही आणला होता, पण तो लावून झोपच येईना. डॉक्टरांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग राहू दे. त्याने हाड सरळ होणार नव्हतंच, फक्त थोडा आराम मिळाला असता." शेठना विचारून मी कामाच्या जागी एक स्टूलही मागून घेतलं. इतके दिवस का मागितलं नव्हतं, कोण जाणे.

फरक हळूहळू पडला. एक दिवस घरी येऊन भाजी निवडताना लक्षात आलं, की आज पायाची आठवणच झाली नाही.

त्या रविवारी नवघरला आईकडे गेले. आमचं घर तिथलं जुनं. आईने उभं आयुष्य भातशेतीत आणि मिठागरात काढलेलं. माझ्या बोटांमधला तुकडा बघून तिने विचारलं, "ह्ये काय हाय?"

मी सांगितलं. तिने लुगडं वर करून दोन्ही पाय पुढे केले. दोन्ही अंगठे माझ्यापेक्षा वाकडे.

"दुखतं का गं?"

"दुखतं. पन त्याला काय औषध न्हाय. माझे आयचे पायबी आसंच व्हतं."

आपल्या घराण्यात पाय असेच असतात, म्हणजे ते दुखणारच, असं तिने धरून ठेवलं होतं. म्हणून तिने फिरणं कमी केलं होतं आणि आम्ही समजत होतो, की ते वयामुळे.

तिला त्याच डॉक्टरकडे नेलं. बुटाला मात्र ती तयार होईना. "लुगड्यावर बूट घालू? गाव हासंल." मग वर सैल पट्टा असलेली, पुढून रुंद अशी मऊ चप्पल मिळाली. ती घालून तिने घरातच दोन-चार फेऱ्या मारल्या. टॉवेल गोळा करायचा व्यायाम मात्र ती माझ्यापेक्षा नेमाने करायला लागली.

पुढे एका सकाळी तिने स्वतःहून मला फोन केला. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिची मिठागरातली मैत्रीण राहते. तिला बघून बराच काळ झाला होता. "येशील का? चालतच जाऊ."

आम्ही गेलो. वाटेत दोनदा टेकायला थांबलो. मैत्रिणीने दारातच तिचे दोन्ही हात धरले. चहा झाला, कोण गेलं, कोणाची नातवंडं कुठे आहेत, सगळं झालं. मी उठायची खूण केली तर आई म्हणाली, "तू जा घरला. मी येईन सावकाश."

मी निघाले. मागे दोघींचं बोलणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं होतं.