साहेबांना दिलेल्या चपला

नातीनं सहलीसाठी रबरी चपला आणल्या. त्या नव्या रबराच्या वासानं माझं डोकं आजही फिरतं.

"आबा, काऊन तोंड वाकडं करून राह्यले?" तिनं विचारलं.

भाषावार राज्यं झाली, आमचा भाग तेलुगू राज्यात गेला, तेव्हा मी भैंशाजवळ जमीन मोजणीच्या तळावर मापाची साखळी ओढायचो. रोज नदी ओलांडायची. कातडी वहाणा भिजून धोंड्यासारख्या जड व्हायच्या, सकाळपर्यंत वाळायच्या नाहीत. शेवटी बाजारातून टायरच्या चपला घेतल्या. हलक्या, पाण्यातून निघाल्या की कोरड्या. तेलुगूत चपलेला 'चेप्पु' म्हणतात, हे दुकानदारानं सांगितलं. कचेरीतली उर्दू जाऊन तेलुगू आली होती आणि मला येणारा शब्द तेवढा एकच.

दुसऱ्याच दिवशी नवे तेलुगू साहेब जाड बूट घालून काठावर उभे राहिले. पाण्याकडे बोट करून मला म्हणाले, "चेप्पु!"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ते ओरडले, "चेप्पु, चेप्पु!"

"घ्या मंग!" म्हणत मी चपला काढून त्यांच्यापुढं आपटल्या. ते बघतच राहिले. मग बूट काढून त्यांनी माझ्या चपला चढवल्या. मी तापल्या गोट्यांवरून अनवाणी, हातात त्यांचे बूट. कितीतरी दिवस त्यांना मनात शिव्या घातल्या.

'चेप्पु' म्हणजे 'सांग' असंही होतं, हे पुढं मंचेरियलला बदली झाल्यावर कळलं. साहेब पाण्याची खोली विचारत होते.

आमचं गाव कुठल्या राज्यात जावं, हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. त्या सगळ्या काळात एकच सरकारी माणूस मला 'सांग' म्हणाला, आणि मी मूर्खानं त्याला चपला दिल्या.