बसवून ठेवलेला माणूस

‘मामा सुटले गं,’ वहिनीचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात होते. सुटले… कशातून? महिना उलटला, तरी त्या शब्दाचा संताप उतरलेला नाही.

धोंडूमामा, माझ्या आईचे भाऊ, माथेरानला घोडेवाले होते. पर्यटक घोड्यावर आणि मामा लगाम धरून पायी, असं सारं आयुष्य गेलं. पार्किन्सन झाला, हात थरथरू लागले, तसं त्यांच्या मुलाने, दिलीपदादाने, त्यांना भिसेगावच्या फ्लॅटमध्ये आणून टीव्हीसमोर खुर्चीत बसवलं. पडू नयेत म्हणून. मी तिथून जवळच, कर्जतला, जीवशास्त्र शिकवते. दादाला समजावलं, की मेंदूचे असे आजार असलेल्या उंदरांवर प्रयोग झालेत. पळायला चाक, हुंगायला नवं काही, सोबत मिळाली, की मेंदूच्या पेशींना जपणारी काही जनुकं जास्त जागी होतात; रिकाम्या पिंजऱ्यात तेवढी होत नाहीत. आजार जात नाही, माणसाचं इतक्या खात्रीने सांगताही येत नाही, पण त्यांना चालू दे.

‘उंदीर पडला तर त्याला दवाखान्यात कोण नेतं?’ दादा म्हणाला. वहिनी हसली.

एका रविवारी दादा गावाला गेलेला असताना मी मामांना गाडीने माथेरानच्या नाक्यावर, जिथे गाड्या थांबतात आणि घोडे सुरू होतात तिथे, नेलं. उतरले आणि पाय जमिनीला चिकटले; या आजारात असं होतं. एका जुन्या सोबत्याने आपल्या घोड्याचा लगाम त्यांच्या हातात दिला. घोडा चालू लागला, आणि मामाही… वळणापर्यंत, न अडखळता. परत आले ते घामेजलेले.

‘मला हितंच सोड गं. घरी मी पोतं हाय.’

मी त्यांना परत आणलं. दादाने दारातच सांगितलं, ‘पुन्हा न्यायचं नाही.’ मी ऐकलं. दादावर चिडणं सोपं आहे. पण प्रयोगांची पानं पाठ असूनही मी पुढे दीड वर्ष सणासुदीला पेढे घेऊन जात राहिले आणि खुर्चीशेजारी बसून उठून आले.

तेराव्याला लोक म्हणत होते, पोराने काय सेवा केली! वहिनीने खुर्ची उचलली. खालच्या चटईला दोन भोकं पडली होती, बरोबर पावलांच्या जागी.

‘दिवसभर पाय घासायचे,’ ती वैतागून म्हणाली. ‘ही तिसरी चटई.’