छत्रीवरचं गोणपाट

आमच्या घरी वर्तमानपत्र येत नसे, पत्रकं यायची. बाबा मोर्च्यांतून आणायचे, मी त्यांवरच वाचायला शिकले. म्हणून माझी सूर्यभट्टी तयार झाली तेव्हा मी आधी पत्रक लिहिलं: 'ऊन कुणाच्याच मालकीचं नाही.'

भट्टी म्हणजे टीव्हीची मोठी जुनी छत्री, आतून आरशाचे तुकडे चिकटवलेली. सगळं ऊन ती हातभर अंतरावर, रुपयाएवढ्या ठिकाणी गोळा करायची. नागपूरच्या एप्रिलमध्ये तिथे धरलेलं लाकूड लगेच पेटायचं. म्हणून नियम एकच, आणि तो माझाच: काम झालं की छत्रीवर गोणपाट.

गच्ची शेजारच्या काकाकाकूंची आणि आमची एकच. काका धंतोलीतल्या एका दवाखान्यात रखवालदार. पण घराणं विणकरांचं, एक माग अजून चालू होता. लेकीच्या साडीसाठी काकूंनी स्वतः रंगवलेल्या सुताच्या लडी छत्रीलगतच्या दोरीवर वाळत होत्या.

त्या रविवारी गल्लीसमोर मी ॲल्युमिनियमचा डबा वितळवून दाखवला. टाळ्या पडल्या. त्याच तोऱ्यात मी पत्रकं वाटत खाली उतरले. गोणपाट कठड्यावरच राहिलं.

काकूंची हाक ऐकून सगळे वर धावलो. सूर्य सरकला होता, छत्रीतल्या उन्हाचा ठिपका दोरीवर आला होता, अर्ध्या लडी जळाल्या होत्या.

"किती डाव सांगतलं, सुताजवळ बिडी वढू नका!" काकू काकांवर तुटून पडल्या.

"अवं, मी पेटवलीच नाही."

"मंग का सुतानं वढली?"

लोक हसले. मी गुपचूप गोणपाट उचलून छत्रीवर टाकलं.

त्या दिवसापासून काकांची काडेपेटी काकूंच्या कनवटीला गेली. बिडी ओढायची तर काकांनी ती मागून घ्यायची, सगळ्यांदेखत.

आठवड्याने मी दुसरं पत्रक काढलं: 'सूर्यभट्टी वापरताना घ्यायची खबरदारी.' उघड्या छत्रीने जवळचं सूत जळू शकतं, असं त्यात होतं. दारोदार टाकून आले आणि मला चक्क हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची मला आजही सगळ्यात जास्त लाज वाटते.

संध्याकाळी काका ते पत्रक घेऊन दारात उभे.

"पोरी, हे तुह्या छत्रीनं झालं ना?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मंग याच्यात तू कुठी हायेस? अन् मी कुठी हाओ?"

मी पत्रक परत घ्यायला हात पुढे केला.

"आता अजून एक छापू नोको. चाल वर. तुही काकू गच्चीवरच हाये, तिले तोंडानं सांग."

जिन्यात मी शब्द जुळवत होते: अनवधान, तांत्रिक त्रुटी. वर काकूंजवळ त्या दिवशी हसलेल्या दोघी बसल्या होत्या.

"काकू, गोणपाट मी टाकलं नव्हतं. सूत माझ्यामुळे जळलं. आणि मी गप्प बसले."

काकूंनी कनवटीची काडेपेटी काढून काकांच्या हातावर ठेवली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.