लाट्रीसच्या अर्ध्या वेण्या

ओझेला टिलरीच्या बोटांना वेणीचं वळण सातव्या वर्षीच लागलं. आई कोंबड्या कापायच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायची आणि पाठीवर चार बहिणी होत्या. शाळेची बस यायच्या आत चार डोकी विंचरून व्हायलाच हवीत, त्या धांदलीत हात तयार झाले. पुढे लग्न झालं, मोडलं, पण त्या हातांनी तिला उपाशी कधी ठेवलं नाही. हॅस्केट गावात रेल्वेरुळाच्या पलीकडे, जिथं आपले काळे लोक राहतात तिथं, तिचं एका खोलीचं सलून होतं. दोन खुर्च्या, एक कुरकुरणारा पंखा आणि चर्चचं कॅलेंडर. बारीक वेण्या घालायच्या म्हणजे आठ-नऊ तासांची बैठक. तेवढ्या वेळात बायका पोटातलं सगळं ओठावर आणत. ओझेला ऐकत राही, आणि ऐकलेलं उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसे.

२००४ च्या जूनमधल्या एका शनिवारी सकाळी आठला लाट्रीस व्हिटेकर येऊन बसली. वीस वर्षांची, उंच, बडबडी. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मर्डिसची एकुलती एक मुलगी. सोमवारपासून ती इस्पितळात मदतनीस म्हणून लागणार होती.

"मिस ओझेला, जरा हळू. डोकं माझं आहे."

"डोकं तुझं, पण केस आत्ता माझ्या हातात आहेत. मान खाली. आणि हसतेयस कोणाच्या आठवणीनं?"

"कोणाच्याच नाही."

"कोणाच्याच नाही म्हणे! मान हलतेय नुसती. भांग वाकडा गेला तर सोमवारी म्हातारे पेशंट तुलाच हसतील."

"हसू देत की. हसले तर लवकर बरे होतील."

दुपारी एक वाजेपर्यंत उजवी बाजू पुरी झाली. कानापासून टाळूपर्यंत एकसारख्या, काडीसारख्या वेण्या. डावीकडचे केस नुसतेच विंचरून चिमट्यात धरलेले. आणि तेवढ्यात जोडायचे नकली केस संपले. लाट्रीसचे केस दाट, ओझेलाचा अंदाज दोन पुडक्यांनी चुकला.

"मी आणते," ओझेला म्हणाली खरी, पण सकाळपासून उभं राहून तिचे पाय सुजले होते.

लाट्रीसनं ते पाहिलं. "तुम्ही बसा हो. चार मिनिटांचा तर रस्ता. येताना माशाचं सँडविच पण आणते, पोटात कावळे ओरडतायत."

"अशा अवतारात जाणार?"

"मला काय बघायला यायचेत?"

ओझेलानं स्वतःचा पिवळा रुमाल तिच्या डोक्याला बांधला. लाट्रीस गेली. दीड वाजला, दोन वाजले. मैत्रीण भेटली असेल, ओझेला मनाशी म्हणाली. तीन वाजता मात्र ती सुजल्या पायांनी स्वतःच निघाली. दुकानदार म्हणाला, "ती पोरगी ना? सव्वालाच दोन पुडकी घेऊन गेली." सँडविचवाल्याकडे ती पोचलीच नव्हती.

संध्याकाळी ओझेला आणि मर्डिस पोलीस ठाण्यात गेल्या. टेबलामागच्या अधिकाऱ्यानं शब्दकोडं बाजूला सारलं.

"वय वीस? मग सज्ञान आहे ती. असेल कोणी मित्र. येईल दोन दिवसांत."

"माझी मुलगी सांगितल्याशिवाय कुठं जात नाही, सर," मर्डिस म्हणाली.

"सगळ्या आया हेच म्हणतात."

ओझेला पुढं झाली. "सर, तिचं अर्धंच डोकं झालं होतं. उजवीकडं वेण्या आणि डावीकडं मोकळे केस. अशी अर्धवट कुठलीही बाई पळून जात नाही. घराला आग लागली तरी आधी रुमाल शोधेल."

अधिकारी हसला. ओझेला त्याच्या आईच्या वयाची, पण तो तिला नुसत्या नावानं हाक मारत होता. "ओझेला, केसांवरून तपास करायला लागलो तर आम्हाला न्हावी भरती करावे लागतील."

"मग निदान लिहा तरी तसं. उजवीकडं वेण्या, डावीकडं मोकळे."

"त्या रकान्यात एवढी जागा नाही." त्यानं लिहिलं: केस काळे, वेण्या. आणि खाली आणखी एक ओळ: आपण होऊन निघून गेली असावी.

त्या ओळीनं सगळं बिघडवलं. ओझेलानं वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन लावला तर तिकडून एक आवाज सौजन्यानं म्हणाला, "पोलीस म्हणतात ती आपण होऊन गेली. मग यात बातमी काय, मॅडम?" नवव्या दिवशी आतल्या पानावर, गवत कापायच्या यंत्राच्या जाहिरातीखाली चार ओळी आल्या. त्यात व्हिटेकर हे आडनावही चुकलं होतं. पत्रकं मर्डिसनं शाळेच्या यंत्रावर काढली. फोटो शाळा संपतानाचा, चौकोनी टोपीतला, कारण दुसरा चांगला नव्हता. मजकूर पोलिसांच्या कागदावरून जसाच्या तसा उतरवला होता. दोघींनी ती खांबाखांबावर चिकटवली. ऊन लागून आठवड्याभरात ती पांढरी पडली, तेव्हा पुन्हा चिकटवली.

ऑगस्टच्या सुरुवातीला तळ्याकाठच्या बंगल्यांमधली एक कॉलेजची मुलगी बेपत्ता झाली. ब्लेअर तिचं नाव. गोरी, एकोणीस वर्षांची. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तिचा अर्धं पान व्यापणारा फोटो आला. तिसऱ्या दिवशी गावावर हेलिकॉप्टर घिरट्या घालू लागलं आणि न्यायालयासमोर टीव्हीवाल्यांच्या गाड्यांची रांग लागली. ती कुठलं वाद्य वाजवते, नाश्त्याला काय खाते, तिच्या कुत्र्याचं नाव काय, हे सगळं ओझेलाला सलूनमधल्या टीव्हीवरून कळलं. एक तरुण मुलगी ब्लेअरचं रंगीत पत्रक घेऊन सलूनमध्येही आली. ओझेलानं ते मुकाट्यानं घेतलं आणि काचेवर लाट्रीसच्या शेजारी लावलं.

त्या दुपारी मर्डिस आली. दोन्ही पत्रकांकडे बराच वेळ बघत राहिली.

"उद्या सकाळी लोक जंगलात शोधायला निघणार आहेत," ती म्हणाली. "मीही चाललेय."

"त्यांच्या मुलीला शोधायला?"

"लाट्रीससाठी त्या झाडीत कोणी पाऊल टाकलं नाही, ओझेला. तू न् मी दोघी कुठवर जाणार? उद्या तीनशे माणसं जातायत. शोधताना डोळे तर उघडे ठेवतील ना? माझी दिसली तर दिसली."

ओझेलानं सकाळची गिऱ्हाइकं रद्द केली.

हाताच्या अंतरावर एकेक माणूस अशी लांब ओळ केली होती. प्रत्येकाच्या हातात काठी. उकाडा असा की कपडे अंगाला चिकटत होते. काठीनं झुडपं बाजूला करत, खड्ड्यात डोकावत सगळे पुढे सरकत होते. मर्डिस कुठं कापडाचा तुकडा दिसला तरी वाकत होती, आणि ओझेलाला ठाऊक होतं की ती निळं कापड शोधत नाहीये. ब्लेअरच्या अंगात निळा सदरा होता.

शेजारच्या गोऱ्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली. "तुम्ही त्या कुटुंबाच्या ओळखीच्या का?"

"नाही," मर्डिस म्हणाली. "माझीही मुलगी हरवलीय."

त्या बाईचा हात तोंडावर गेला. "अरे देवा! कधी?"

"सात आठवडे झाले."

"पण मी टीव्हीवर कसं नाही पाहिलं?"

"तुम्ही कसं पाहाल," मर्डिस म्हणाली. तिच्या बोलण्यात धार नव्हती. ती थकली होती.

वाटेत एका टीव्हीवाल्यानं मर्डिसपुढे माईक धरला. तिनं लाट्रीसचं पूर्ण नाव, वय, ठिकाण, वार, वेळ, सगळं सांगितलं. ओझेलानं वेण्यांचंही सांगितलं. संध्याकाळच्या बातमीत मर्डिस दिसली, काठी घेऊन वाकलेली, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. वर आवाज होता: गावातले सर्व थरांतले लोक या मुलीसाठी एकत्र आले आहेत. तेवढंच.

चौथ्या दिवशी ब्लेअर सापडली. घळीत उलटलेल्या गाडीत, पाय मोडलेला, ओठ सुकलेले, पण जिवंत. लोक रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडले. मर्डिसनंही हात जोडले. मग ओझेलाच्या गाडीत बसल्यावर तिला असं रडू फुटलं की ओझेलानं गाडी बाजूला घेतली.

"मला त्या पोरीचा राग नाही गं," मर्डिस हुंदक्यांमधून म्हणत होती. "देवाशपथ नाही. ती वाचली हे चांगलंच झालं. पण बघ ना. शोधलं की सापडतात."

त्यानंतर ओझेलानं एक नेम धरला. महिन्याचा पहिला मंगळवार सलून बंद. त्या दिवशी दोघी ठाण्यात जाऊन बाकावर बसत आणि विचारत, काही कळलं का. सात वर्षांत तीन अधिकारी बदलले. एकानं फाइल हरवली, एक जण त्यांना बघून मागच्या दारानं जाई. सलूनमधल्या बायका ओझेलाला चिडवत, "मंगळवारी तुझं सासर असतं का गं ठाण्यात?" ओझेलाही म्हणे, "सासरच. पाणीसुद्धा विचारत नाहीत." पण त्याच बायका मर्डिससाठी डब्यात मक्याचा पाव आणि शिजवलेली पालेभाजी भरून देत.

ओझेला एक गोष्ट मात्र कोणालाच सांगत नव्हती. पुडक्यांचा अंदाज तिचा चुकला होता. जायला तिनं हवं होतं. शनिवारी एक वाजला की तिचे हात कुणाच्या तरी डोक्यात थबकत.

२०११ मध्ये बाहेरच्या जिल्ह्यातून यव्हॉन प्रॅट नावाची तपास अधिकारी आली. काळी, चाळिशीची, कमी बोलणारी. पहिल्याच मंगळवारी तिनं दोघींना आत बोलावून खुर्च्या दिल्या.

"मिसेस टिलरी, फाइलमध्ये फक्त 'वेण्या' लिहिलंय. तुम्ही केस करत होतात ना? मला नीट सांगा."

सात वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं होतं. ओझेलानं सांगितलं. प्रॅटचं पेन थांबलं. तिनं आपसूक स्वतःच्या डोक्याला हात लावला.

"अर्धं डोकं सोडून," ती हळू म्हणाली. "कोणीही पळून जाणार नाही."

"हेच मी सांगत होते, बाई. हेच."

"तुम्ही ते मला करून दाखवाल?"

पुढच्या आठवड्यात ओझेला सरावाचं, केस लावलेलं रबरी डोकं घेऊन ठाण्यात गेली. मोठ्या टेबलावर ते रोवलं आणि कामाला लागली. मर्डिस समोर बसून बघत होती. चार तास झाले. टाळूच्या मधोमध शेवटची वेणी संपली तसे ओझेलाचे हात आपोआप थांबले. डावीकडचे केस तिनं चिमट्यात धरले आणि मागे सरली. मर्डिस उठली, त्या वेण्यांवरून एकदा बोट फिरवलं आणि पुन्हा जाऊन बसली.

प्रॅटनं चारी बाजूंनी फोटो काढले. नवं पत्रक निघालं: लाट्रीसचा चेहरा आणि शेजारी ते डोकं. वर्तमानपत्रानं तिसऱ्या पानावर छापलं. खरा प्रसार केला तो बायकांनी, एका सलूनमधून दुसऱ्या सलूनमध्ये, फोनवरून फोनवर.

नवव्या दिवशी अडीच तासांच्या अंतरावरच्या एका शहरातून ओडेट नावाच्या बाईचा फोन आला. त्या शनिवारी ती हॅस्केटमधून बसनं जात होती. कोपऱ्यावर तिनं एक मुलगी पाहिली होती. रुमाल घसरून गळ्यात आलेला, अर्ध्या वेण्या, हातात दोन पुडकी. दारावर हिरवं चित्र असलेल्या पांढऱ्या मालवाहू व्हॅनमधल्या माणसाशी ती बोलत होती आणि नाही-नाही अशी मान हलवत होती. "मी हसले होते हो तिला," ओडेट सांगत होती. "म्हटलं, काय ध्यान निघालंय. बहिणीला सांगितलं पण. तुमचं जुनं पत्रक पाहिलं होतं मी नंतर, पण त्यात टोपीतली मुलगी, अन् नुसतं वेण्या. ही तीच हे कसं कळणार? तेव्हाच असं लिहिलं असतं तर तेव्हाच फोन केला असता."

प्रॅटनं गाडीचा माग काढला. हिरव्या चित्राची छपराचं काम करणारी एक कंपनी होती, ती कधीच बंद पडली होती. कामगारांची यादी कोणी ठेवली नव्हती. संशय घ्यावा अशा दोन माणसांपैकी एक मेला होता, दुसरा काही बोलेना. सात वर्षांपूर्वी गाडी होती, माणसं होती, कागद होते. आता काही उरलं नव्हतं.

त्या दिवशी घरी येताना ओझेलाला राहवलं नाही. "मर्डिस, ती माझ्यासाठी गेली होती. अंदाज माझा चुकला. मी जायला हवं होतं."

मर्डिस खिडकीबाहेर बघत होती. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तुझ्यासाठी पुडकी न्यायला आली होती, हे दुकानदारानंच सांगितलं होतं."

"मग तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? तुझे पाय सुजले होते आणि माझी पोरगी मायाळू होती. तुला धरून बसले असते तर दर मंगळवारी माझ्या शेजारी कोण बसलं असतं?"

घर येईपर्यंत मर्डिसनं ओझेलाचा हात सोडला नाही.

डिसेंबरात प्रॅट स्वतः मर्डिसच्या घरी कागद घेऊन आली. 'आपण होऊन निघून गेली असावी' ही ओळ काढली होती. त्या जागी लिहिलं होतं: घातपाताचा संशय, तपास चालू. मर्डिसनं चष्मा लावला, मग काढला आणि कागद ओझेलाच्या हातात दिला. "तूच वाच." ओझेलानं तो तीनदा वाचला. लाट्रीस सापडली नव्हती. आजही सापडलेली नाही. पण ती आईला टाकून गेली, असं आता कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

आता ओझेलाची बोटं आखडली आहेत, वेण्या घालणं बंद आहे. मंगळवार मात्र चुकत नाही. मागच्या मार्चमध्ये दोघी पोचल्या तेव्हा बाकावर एक तरुण बाई बसली होती, मांडीवर सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो. टेबलामागच्या नव्या पोरानं तिला नुकतंच सांगितलं होतं की थोडे दिवस वाट बघा.

मर्डिसनं आपली पिशवी बाकावरून उचलली आणि तिच्याजवळ सरकून बसली. ओझेला दुसऱ्या बाजूला बसली.

"नाव काय तिचं?" मर्डिसनं विचारलं.

बाईनं नाव सांगितलं.

"बरं. आता त्या दिवशी अंगात काय होतं, केस कसे होते, पायात काय होतं, सगळं मला सांग. मग आत जाऊ, आणि त्यांनी सगळं लिहून घेतल्याशिवाय आपण तिघींनी उठायचं नाही."

बाई सांगू लागली.