साडेचार तासांचं विमान

ताई नर्स म्हणून जर्मनीला निघाली, त्या दिवशी आईनं घरात केर काढला नाही. आमच्याकडे माणूस प्रवासाला गेलं की ते पोचल्याचं कळेपर्यंत झाडू हातात घेत नाहीत. ताईला सोडायला वडील मुंबईला गेले होते. दुपारी दीडला विमान सुटल्याचा त्यांचा फोन आला आणि आईनं मला विचारलं, "पोचंल कव्हा?"

तिकिटाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. मुंबई दीड, फ्रँकफर्ट सहा. मी जालन्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहातून दीड वजा करायला कितीसा वेळ लागणार? साडेचार तास, असं मी सांगितलं. आईनं ते लगेच मानलं. ताई गेल्यावर घरात असले कागद वाचणारी मीच उरले होते.

आईला शुगर आहे. गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवावंच लागतं. सहाला फोन येईल, दिवे लागायच्या आत केर काढू आणि जेवू, असं ठरवून तिनं साडेपाचलाच गोळी घेतली. ताट वाढून ठेवलं.

सहा वाजले, साडेसहा वाजले. ताईचा फोन बंद. वडील परतीच्या रेल्वेत, त्यांना रेंज नव्हती. मी आईला जेव म्हटलं, तर तिनं ताटावर झाकण ठेवलं. लेक आभाळात असताना घास उतरायचा नाही, म्हणाली. विमानाचं काही झालं असेल, असं ती बोलली नाही. फक्त टीव्ही लावू नको म्हणाली.

सातच्या सुमाराला, थंडीचे दिवस असूनही, तिच्या कपाळावर घाम आला. हात थरथरत होते; साखर उतरत होती. मी घाईघाईनं मोबाइलवर दोन विमानतळांमधलं अंतर शोधलं. साधारण साडेसहा हजार किलोमीटर, उड्डाणाला नऊ तास. पुन्हा तिकीट उघडलं. पोचण्याच्या वेळेखाली बारीक अक्षरांत 'स्थानिक वेळ' असं लिहिलेलं होतं. तिथले सहा म्हणजे आपले साडेदहा.

गणित चुकलं तर मार्क जातात, एवढंच मला तोवर माहीत होतं.

"आई, माझं चुकलं. तिथलं घड्याळ आपल्या मागं असतं. ताई अजून वाटेतच आहे, साडेदहाला उतरेल."

"मघाचं बी तूच सांगितलं व्हतं," आई म्हणाली. "मी जेवावं म्हणून बोलून राह्यलीस."

घड्याळाचं तिला कसं पटणार? मलाच ते दुपारी कळलं नव्हतं. मग मी अंतर धरलं.

"आपल्या बदनापूरहून मुंबईला रेल्वेनं आठेक तास लागतात ना? तेवढी वाट पंधरा-सोळा वेळा जायची. विमान झालं तरी साडेचार तासांत होईल का?"

आईनं विचारलं,

"सोळा वेळा?"

"हो."

"एवढं लांब हाय, हे ती जायच्या आधी का न्हाई सांगितलं?"

मी गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला. तो तिनं तोंडात टाकला आणि थोड्या वेळानं ताट पुढं ओढलं. पहिला घास बराच वेळ चावत होती.

"मंग केर आता उद्या उजाडल्यावरच," ती म्हणाली.

झाडू दारामागंच राहिला.